टॉवेल हलवला की थांबते ती गाडी

आमच्या भागात एखाद्याला सरळ नाही म्हणणं जिवावर आलं, की म्हणायची पद्धत होती, ‘बीडला रेल्वे आली की बघू.’ पोरानं सायकल मागितली, बायकोनं पाटल्या मागितल्या, शेजाऱ्यानं बांधावरची बाभूळ तोडायला सांगितली, सगळ्यांना हेच एक उत्तर. ऐकणाराही हसून गप्प बसायचा, कारण रेल्वे येणार येणार हे त्याच्या आजोबांनीसुद्धा ऐकलेलं असायचं. माझ्या वडिलांनी, आबांनी, हे उत्तर आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीला देऊन ठेवलं होतं. आत्या नगरला राहते. दर दिवाळीत आधी तिचं पत्र यायचं, मग फोन यायला लागला, ‘औंदा भाऊबीजेला तू ये.’ आणि आबा म्हणायचे, ‘येतो की अक्का. बीडला रेल्वे येऊ दे, रेल्वेनंच येतो.’

आणि मग रेल्वे आली की हो!

पहिली गाडी आली त्या दिवशी मी शाळेत रजा टाकून बीडला बघायला गेले होते. चाळिशी ओलांडलेली मास्तरीण मी, पण गर्दीत टाचा वर करकरून बघत होते. इंजिनाचा भोंगा वाजला तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईनं माझा दंड असा आवळला, की दोन दिवस बोटं दिसत होती. मीही तिचा आवळला असणार. रेल्वे आम्ही काही पहिल्यांदा बघत नव्हतो, परळीला जाऊन बघितलेली होती. पण परळीची रेल्वे वेगळी आणि आपल्या बीडची वेगळी.

त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. मी गावी आले होते, फोन स्पीकरवर होता.

“रेल्वे आली म्हनं तुमच्याकडं,” आत्या म्हणाली. “मंग?”

तेवढंच. ‘मंग?’ आबा दारासमोरच्या धरणाच्या पाण्याकडं बघत बसले. मग म्हणाले, “येतो. भाऊबीजेला. रेल्वेनं.”

मी आनंदानं टाळीच वाजवली. मला भाऊ नाही, त्यामुळे भाऊबीजेला मी मोकळीच असते. आईचे गुडघे गेलेले, तिला प्रवास नको. म्हणजे आबांबरोबर मीच जाणार हे ठरलंच. फक्त मी एक शहाणपणाची गोष्ट बोलून बघितली, की आबा, नगरला जायचंच तर बसनं जाऊ, ती रेल्वेपेक्षा लवकर पोचवते, शिवाय तुमचं वय झाल्यानं तुम्हाला तिकीटही पडत नाही.

“बसनं जायचं आसतं तर तीस वर्सं काय झक मारत बसलो व्हतो?” आबा म्हणाले. “शब्द रेल्वेचा हाय.”

आता आमचं गाव कुठं आहे ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा गोंधळ कळणार नाही. माजलगावचं धरण भरलं तेव्हा गावाचा जुना रस्ता पाण्याखाली गेला. नवा रस्ता झाला, पण तो पाण्याला एवढा वळसा घालतो, की बाजाराला निघालेला माणूस तेवढ्यात होडीनं जाऊन परत येतो. म्हणून होडी. आबांनी आयुष्यभर ती होडी चालवली. आता इंजिन बसवलंय आणि ती शेजारच्या काकांकडे आहे, पण आबा रोज सकाळी पाण्यावर जाऊन काकांना दोन शब्द सुनावल्याशिवाय चहा घेत नाहीत. पलीकडच्या काठावर उतरलं, की थोडं चढून फाटा. फाट्यावर बीडची बस.

आणि तिथं आमच्याकडची एक रीत आहे. होडी पाण्याच्या मध्यावर आली, की पुढं बसलेल्या माणसानं उभं राहून पांढरा टॉवेल हलवायचा. फाट्यावरून पाणी दिसतं. बसच्या ड्रायव्हरला टॉवेल दिसला, की तो दोनदा हॉर्न मारतो. म्हणजे बघितलं, थांबतो, या निवांत. मग होडीतलं कुणीही घाई करत नाही. म्हाताऱ्याकोताऱ्या सावकाश चढ चढतात, वर येऊन ड्रायव्हरला ‘लई वाट बघाय लावली का रे’ म्हणतात, आणि तो ‘न्हाई मावशी, आत्ताच आलो’ म्हणतो. ड्रायव्हर बदलतात, नवा येतो, त्याला जुना सांगून जातो. तसंच उलटं. होडी सुटली आणि मागं काठावर कुणी पदर हलवला, हात केला, की होडी वळते. अर्ध्यातून वळते, पाऊणातून वळते. लहानपणापासून हे बघत आल्यामुळं जगात सगळ्याच गाड्या असंच करत असतील, असं आमच्या गावातल्या माणसाला मनातून वाटतं. मला नोकरी लागल्यावर कळलं. आबांना कळायचं राहिलं होतं.

मी जायचा सगळा हिशोब कागदावर मांडला. मुलांना बेरजा शिकवणारी बाई मी, होडी, बस, रिक्षा, स्टेशन अशा एकाखाली एक वेळा लिहिल्या आणि शेवटी गाडी सुटायच्या आधी पाऊण तास हातात ठेवला. पाऊण तास! त्या कागदाचा मला एवढा अभिमान, की भाऊबीजेच्या सकाळी तो मी तीनदा आबांना वाचून दाखवला. आबांनी नवं धोतर नेसलं होतं, टोपीला कडक इस्त्री, खांद्यावर घडीचा पांढरा टॉवेल. आईनं आत्यासाठी करंज्यांचा डबा बांधून दिला. आत्याला भाकरीबरोबर आवडते म्हणून जवसाची चटणीही दिली. मी मोबाइल काढून सगळ्याचं शूटिंग करत होते. आबा होडीत चढताना, आबा टोपी नीट करताना, धरणावरचे बगळे, सगळंच.

होडी सुटली. वारा छान होता, पाणी काठोकाठ. मी घड्याळ बघितलं, सगळं कागदाप्रमाणं. पाऊण पाणी कापलं असेल आणि आबा काकांना म्हणाले, “होडी वळीव.”

मी मागं बघितलं. गावाच्या काठावर एक बाई लेकराला काखेत मारून पदर हलवत होती.

“आबा, आज नको,” मी म्हणाले. “काका परत जाऊन आणतील तिला. आपली रेल्वे आहे.”

“वळीव बे,” आबा काकांना म्हणाले. माझ्याकडं बघितलंही नाही. काका तरी काय, त्यांनी इंजिनाचा दांडा फिरवला. मी एवढी चिडले, की करंज्यांचा डबा मांडीवर आपटला. त्यातल्या चार मोडल्या, हे पुढं नगरला कळलं. ती बाई माहेरी निघाली होती, भावाला ओवाळायला. चढताना मला म्हणाली, “लई उपकार झाले ताई.” मी हसल्यासारखं केलं. उपकार मी केले नव्हते.

पलीकडं पोचेपर्यंत बसची वेळ केव्हाच टळली होती. पण आबांनी टॉवेल हलवला होता, बसनं दोनदा हॉर्न मारला होता, आणि बस उभी होती. ड्रायव्हर खाली उतरून दातात काडी घालत होता. आबा सावकाश चढ चढले, “लई वाट बघाय लावली का,” विचारून झालं. बाई, तिचं लेकरू, काखोट्याला कोंबडा मारलेला एक म्हातारा, असे सगळे चढले तेव्हा बस निघाली. पुढंही ती तशीच. शेतातून कुणी हात केला की थांबायची. सणाचा दिवस, दर फाट्यावर ओवाळायला निघालेल्या बाया. कंडक्टर म्हणत होता, “सरका, आत सरका, भावांचा दिस हाय आज.” मी कागद पिशवीत टाकून दिला. बस आमच्यासाठी थांबली म्हणून आम्हाला बस मिळाली, आणि ती सगळ्यांसाठी थांबली म्हणून माझा पाऊण तास संपला. यात चिडायचं कुणावर हेच मला कळेना. त्याचीच जास्त चीड आली.

बीडला उतरलो तेव्हा हातात थोडकी मिनिटं होती. स्टेशन गावाबाहेर. तिकडं जाणारी बस आम्हाला काही दिसली नाही, म्हणून मी आबांना ओढत रिक्षात कोंबलं आणि रिक्षावाल्याला म्हणाले, “दादा, उडव!” त्यानं खरंच उडवली. खड्ड्यांत आबांची टोपी दोनदा माझ्या मांडीवर आली. आणि काय सांगू, स्टेशनाशी वळलो तर गाडी उभी होती! नवी कोरी इमारत, लांबलचक फलाट आणि त्याला लागून आमची रेल्वे. तिकीट काढलं, मी पिशव्या घेऊन धावत सुटले.

“आबा, पळा!”

मागं वळून बघते तर आबा फलाटाच्या तोंडाशी ताठ उभे. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी तीनदा हवेत हलवला. मग घडी घातली, खांद्यावर ठेवला आणि बाजाराला निघाल्यासारखे चालायला लागले.

“आबा!”

“पळू नको बाई, पडशील,” आबा म्हणाले. “बघितलंय त्यानं.”

तेवढ्यात भोंगा वाजला. आबांचा चेहरा असा खुलला! “बघ. हॉर्न दिला का न्हाई?”

आणि गाडी हलली.

मी डब्याच्या दारापासून दहा पावलांवर होते. एकटी चढले असते. आबा अजून अर्ध्या फलाटावर होते आणि अजूनही पळत नव्हते. डब्यामागून डबा त्यांच्या पुढ्यातून गेला, आणि प्रत्येक डब्याकडं ते असे बघत होते, जणू हा नाही तर पुढचा थांबेल. शेवटचा डबा गेला. रूळ तेवढे राहिले.

“त्येनं हॉर्न मारला,” आबा म्हणाले.

“तो निघायचा हॉर्न असतो आबा! ती रेल्वे आहे, आपली बस नाही! तिला कंडक्टर नाही, तिचा ड्रायव्हर कुठं बसतो ते तरी दिसलं का तुम्हाला? टॉवेल कसला हलवता!” मी भर फलाटावर ओरडले. पंचाहत्तरी उलटलेल्या बापावर, सणाच्या दिवशी. लोक बघत होते. आबांनी टोपी काढून घाम पुसला.

“चला,” मी आवाज खाली आणून म्हणाले, “बसनं जाऊ. रेल्वेच्या आधी पोचू उलट. आत्याला काय फरक पडतो?”

“पडतो,” आबा म्हणाले. “ती इस्टेशनावर येनार हाय. मी गाडीतून उतरायला पायजे.”

मी बाजूला जाऊन नगरला वहिनींना, म्हणजे आत्याच्या सुनेला, फोन केला. गाडी चुकलीय, बसनं येतोय, आत्याला स्टेशनवर नेऊ नका, घरीच ठेवा. वहिनी म्हणाल्या, अहो त्या आत्तापासूनच तयार होऊन बसल्यात. हे मी आबांना सांगितलं नाही. त्याच फोनमध्ये मी वेळ बघितली आणि तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बस रेल्वेच्या आधी पोचते! म्हणजे वाटेत कुठंतरी ती रेल्वेला मागं टाकणार. म्हणजे पुढच्या एखाद्या स्टेशनवर...

“आबा,” मी ओरडले, आणि हे ओरडणं वेगळं होतं, “आष्टीला गाठू तिला!”

आबांनी टोपी डोक्यावर चढवली.

बीडच्या स्टँडवर नगरची बस लागलेली होती. आबा सरळ ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले. मी तिकिटाचं बघत होते, ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. पण मी चढले तेव्हा ड्रायव्हर मागं वळून कंडक्टरला म्हणत होता, “बाबा रेल्वेला गाठायचं म्हनतेत. आष्टीला.” कंडक्टरनं घड्याळ बघितलं, बाहेर बघितलं आणि घंटीची दोरी ओढली. “गाठू की. तिला काय पाय हायेत का?”

मग जो प्रवास झाला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. पाच मिनिटांत अख्ख्या बसला कळलं होतं. मागच्या सीटवरचा एक पोलीस, दोन कॉलेजातल्या मुली, ओवाळायला निघालेल्या बाया, सगळे रेल्वेच्या मागावर. रूळ रस्त्यापासून लांब, दिसायचे नाहीत, पण डोंगराकडं धूळ उठली तरी कुणीतरी ‘ती बघा, ती बघा’ म्हणायचं. त्या रेल्वेला धूळ कशी असेल, हे विचारायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. सौताड्याच्या घाटात पुढं उसाच्या टोळीचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, वर बाया-लेकरं, भांडी, कोयते, कुत्रंसुद्धा. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, ट्रॅक्टरवाल्यानं कडेला घेतलं. कंडक्टर खिडकीतून ओरडला, “रेल्वे गाठायचीय!” ट्रॉलीवरच्या बाया काही न कळता हात हलवायला लागल्या. आबांनी टॉवेल हलवून त्यांना उत्तर दिलं.

जामखेडला बस चहाला थांबते. कुणी उतरलं नाही. लघवीला गेलेल्या एका माणसाला अख्खी बस खिडक्यांतून हाका मारत होती. तिथून परत आपल्या जिल्ह्यात शिरलो. आष्टीच्या अलीकडं स्टेशनकडं रस्ता वळतो. तिथं ड्रायव्हरनं बस आडवी घालून एक टमटम थांबवली आणि टमटमवाल्याला दटावलं, “बाबाला फलाटावर सोड बे. फाटकाशी न्हाई, फलाटावर.” आबांनी त्याच्या खिडकीशी जाऊन हात जोडले. ड्रायव्हर म्हणाला, “कावून हात जोडता? फोन करा गाठली का न्हाई ते.” कंडक्टरनं माझ्या तिकिटामागं नंबर लिहून दिला. मागच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

फलाटावर एक माणूस पोत्यावर बसला होता. मी धापा टाकत विचारलं, “नगरची गेली का?”

“न्हाई जी,” तो म्हणाला. “आजून यायचीय.”

मी तिथंच खाली बसले. हसू येत होतं आणि रडूही. आबा बसले नाहीत. ते फलाटाच्या अगदी टोकाशी जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं लांब वळणावर गाडी दिसली, तेव्हा त्यांनी टॉवेल काढला. मी अडवलं नाही. त्यांनी उभं राहून, चांगला हात उंच करून, टॉवेल हलवला. भोंगा वाजला. गाडी हळू होत होत त्यांच्या पुढ्यात येऊन थांबली.

आबा माझ्याकडं वळले. “थांबती का न्हाई?”

“थांबती,” मी म्हणाले.

डब्यात जागा मिळाली, खिडकीची. आबांनी सीट दाबून बघितली, पंख्याची बटणं बघितली, शौचालय बघून येऊन ‘पानी हाय’ असं सगळ्या डब्याला सांगितलं. गाडी इतकी सावकाश आणि गुळगुळीत चालली होती, की ते म्हणाले, “होडीसारखी हाय ही.” त्यांना आवडली होती. मला ड्रायव्हरला फोन करायचा होता, वहिनींना करायचा होता, की आम्ही रेल्वेतच आहोत, आत्याला आणा. मोबाइल काढला तर तो बंद पडलेला. सकाळपासून बगळ्यांचं शूटिंग कुणी केलं होतं? आबांना वहिनींचा नंबर पाठ नव्हता, मलाही नव्हता. आता आत्या घरी पाट मांडून बसलेली असणार आणि आबा रिकाम्या फलाटावर उतरणार, आणि ते माझ्यामुळं. तोंड उघडून सांगायची माझी हिंमत होईना.

“आत्या घरीच थांबली असेल तर?” मी एवढंच विचारून बघितलं.

“न्हाई थांबायची,” आबा म्हणाले. कडा स्टेशन मागं गेलं. सूर्य खाली चालला होता. आणि त्यांनी मला ते सांगितलं, जे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

“तुझी आज्जी गेली तवा तू दुसरीत व्हतीस. ती लई आजारी झालती, म्हून अक्काला निरोप धाडलता. त्या दिशी सांजच्याला मी शेवटची खेप आनली. होडी बांधत व्हतो. पलीकडच्या काठावर कुनीतरी पदर हालवत व्हतं. लाल पदर. मी बघितलं. पर वारं सुटलं व्हतं, हात दुखत व्हते. म्हनलं, आसंल कुनी, सकाळी आनू. दोरी बांधली आन घरी आलो. राती आई गेली.”

मी त्यांच्याजवळ सरकले.

“तांबडं फुटताना होडी घेऊन पलीकडं गेलो, लोकांला कळवाय. तर अक्का दगडावर बसलेली. लाल लुगडं. म्या इचारलं, कवा आलीस? तर म्हनती, आत्ताच आले, सकाळच्या गाडीनं.” आबांनी टॉवेलचा कोपरा बोटाला गुंडाळला. “सकाळची गाडी यायला आजून तासभर व्हता, बाई. गाडीचा टाइम मला शिकवती का ती?”

ती रात्रभर काठावर बसली होती. आई पलीकडं मरत होती आणि मधे फक्त पाणी होतं. आणि तिनं भावाला ते कळू दिलं नाही. कळलं होतं त्याला. म्हणूनच तो तिच्या दारात जाऊ शकला नाही, रेल्वेचं निमित्त सांगत राहिला, जी कधी येणार नव्हती. आबांनीच सांगितलं, आज्जीचा दहावा झाला आणि ते फाट्यावर जाऊन बसायला लागले, येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला टॉवेल दाखवून सांगायला लागले. ती रीत मला धरणाएवढी जुनी वाटत होती. ती आबांची होती. सकाळी होडी का वळली, ते मला कड्याच्या पुढं रेल्वेत बसून कळलं. करंज्यांच्या डब्यावर हात ठेवून मी म्हणाले, “आबा, माझं चुकलं.” कशाबद्दल ते त्यांना कळलं नसावं. “कशाचं गं?” म्हणाले. तेव्हा मी वहिनींच्या फोनचंही सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. फक्त दाराकडं जाऊन उभे राहिले आणि नगर येईपर्यंत परत बसले नाहीत.

नगरला गाडी शिरली तेव्हा दिवे लागले होते. आबा दाराच्या दांड्याला धरून उभे, टॉवेल मुठीत. मी मागून त्यांचा सदरा धरला होता. फलाट सरकत होता. हमाल, पिशव्या, चहाच्या टपऱ्या. मी डोळे फाडून बघत होते. आणि एका खांबाशी, बाकावर, पांढऱ्या केसांची आत्या. शेजारी वहिनी वैतागलेल्या तोंडानं उभ्या. आत्याला आता धड दिसत नाही, तरी गाडीच्या आवाजासरशी ती उठली होती आणि डोक्यावरचा पदर सोडून तो हलवत होती. डबा कोणता हे तिला कुठं माहीत, ती सगळ्या गाडीला हलवत होती. आबांनी दारातून टॉवेल हलवला, एवढ्या जोरात, की शेजारच्या माणसाची टोपी उडाली.

गाडी पुरती थांबायच्या आत ते उतरले. या खेपेला पळत गेले.

“त्यांना म्हणलं बसनं येतायत, घरी चला,” वहिनी मला सांगत होत्या. “दुपारपासून बसल्यात इथं. म्हणतात, त्यानं रेल्वेचा शब्द दिलाय.”

आबा आत्यापुढं उभे होते. “लई वाट बघाय लावली का अक्का?”

“न्हाई रे,” आत्या म्हणाली. “आत्ताच आले.”

आबांचा चेहरा मी बघत होते. तो एकदम लहान पोरासारखा वेडावाकडा झाला. “अक्का,” ते म्हणाले, “त्या दिशी मी बघितलं व्हतं तुला. पदर हालवत व्हतीस. बघून दोरी बांधली मी.”

“मला म्हाईत हाय,” आत्या म्हणाली. “मलाबी दिसत व्हतास तू.”

“मंग आत्ताच आले म्हून कावून सांगितलंस?”

“मंग काय सांगू?” आत्या म्हणाली. “आई तर गेलती. भाऊबी घालवू का?”

तिनं चाचपून त्यांचा हात धरला. “चल आता. ओवाळल्याबिगर खायचं न्हाई म्हून सकाळपासून पोटात कन न्हाई माझ्या.”

आम्ही बाहेर आलो. आत्याच्या घराकडं जाणारी बस उभी होती, आणि आम्ही पायऱ्यांवर असतानाच ती सुरू झाली, हलली. माझ्या तोंडून ‘अरे’ निघालं आणि मी पिशव्या सावरून धावायला लागले. मागून आत्या म्हणाली, “पळू नको गं.” तिनं पदर सोडवला आणि हात उंच करून हलवला. लाल नव्हता आता, पांढऱ्या टिपक्यांचा निळा होता. बस पाच-दहा पावलं गेली आणि थांबली. आबा आत्याचा हात धरून सावकाश चालत गेले.